नऊ घरांचा पॅचवर्क ब्लॉक: पाव इंचाचा हिशेब

पॅचवर्क पहिल्यांदाच शिवणार असाल, तर नऊ घरांच्या ब्लॉकपासून सुरुवात करा. ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला एक चौकोन; असे चौकोन शेजारी शेजारी जोडले की गोधडी होते. क्विल्ट शिवणारे नऊ घरांच्या ब्लॉकला नाइन-पॅच म्हणतात. बुद्धिबळाच्या पटासारखी तीन बाय तीन घरे, त्यांत पाच गडद आणि चार फिकी. शिवणी एकूण आठ, सगळ्या सरळ.

आपल्याकडच्या गोधडीत किंवा वाकळीत तुकडे बहुधा जुन्या लुगड्याच्या थरावर ठेवतात, कडा आत मुडपतात आणि धावदोऱ्याने पक्के करतात. खाली आधार असतो. तुकडा थोडा इकडेतिकडे झाला, तर शेजारचा तुकडा त्यावर चढवून घेता येतो. ब्लॉकमध्ये खाली काहीच नसते. तुकडा तुकड्यालाच शिवायचा असतो, त्यामुळे एकाची चूक थेट शेजाऱ्याला जाते. म्हणून सगळे लक्ष पाव इंचाच्या मायेवर, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडावर, ठेवायचे.

मापे अशी: शिवून झाल्यावर प्रत्येक घर ३ इंचांचे हवे. चारही बाजूंना पाव इंच माया, म्हणून तुकडा ३.५ इंचांचा कापायचा. ब्लॉक शिवून झाला की ९.५ इंच भरतो आणि शेजारी जोडला गेल्यावर ९ इंच दिसतो.

कापड

सुती पॉपलिन किंवा केंब्रिक घ्या. टेरिकॉट घडी धरत नाही, मलमल ताणली जाते, आणि जीन्ससारख्या जाड कापडात मायेचे थर एकावर एक येऊन चौकात गाठ बसते. जुन्या साड्या वापरायच्या असतील, तर सगळेच तुकडे साधारण सारख्या झिजलेल्या कापडाचे असू द्या. नवे घट्ट कापड आणि विरलेली साडी शेजारी आली, की धुण्यात साडीच फाटते, तीही शिवणीला लागून.

नवे कापड आधी पाण्यातून काढायलाच हवे. सुती कापड आटते, आणि सगळी कापडे सारखी आटत नाहीत. गडद कापड ओले असतानाच पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. फडक्याला रंग लागला, तर पुन्हा धुवा. तीनचार धुण्यांनंतरही लागतच असेल, तर ते कापड या कामाचे नाही. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका. वाळल्यावर हलकी कांजी देऊन इस्त्री करा. कांजी दिलेले कापड कापताना सरकत नाही, आणि नवशिक्याला याचा सर्वात मोठा आधार होतो.

बाळाच्या ३६ बाय ४५ इंची गोधडीला चार बाय पाच असे २० ब्लॉक लागतात. पहिल्या खेपेला २० पैकी १० ब्लॉक नऊ घरांचे करा आणि मधूनमधून ९.५ इंची साधे चौकोन लावा. श्रम निम्मे होतात, शिवाय एका ब्लॉकचे कोपरे शेजारच्या ब्लॉकच्या कोपऱ्यांशी जुळवत बसावे लागत नाही. ४४ इंची पन्ह्याचे गडद कापड ६० सेंटीमीटर, फिके अर्धा मीटर आणि साध्या चौकोनांसाठी ८० सेंटीमीटर पुरते.

कापणी

किनारीची घट्ट पट्टी काढून टाका. ती वेगळी आटते आणि ब्लॉक ओढते. तुकडे उभ्या-आडव्या धाग्यातच कापायचे. उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा, गेलेला तुकडा इस्त्रीखाली आला की लांबतो, मग ब्लॉक पाण्यासारखा लाटा मारतो. दिसायला चौकोन बरोबर असतो, म्हणून ही चूक शेवटपर्यंत कळत नाही. तिरपी नक्षी छापली असली, तरी नक्षीवर जाऊ नका, धाग्यावर जा.

कात्रीने कापणार असाल, तर पुठ्ठ्याचा साचा नको. दहा तुकडे होईपर्यंत त्याचे कोपरे झिजतात आणि अकरावा तुकडा लहान येतो. जुनी एक्स-रे फिल्म किंवा फायलीचे जाड प्लॅस्टिक चांगले. साचा ३.५ इंच अचूक कापा, कर्ण दोन्ही बाजूंनी मोजा. ते सारखे आले तरच तो चौकोन. टोकदार पेन्सिलीने आखा आणि रेघेच्या आतल्या कडेने कापा, कारण रेघेची जाडी साच्याच्या बाहेर पडलेली असते. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचे कटर) आणि त्याखाली ठेवायची मॅट असेल, तर ३.५ इंची पट्ट्या काढून त्यांचे चौकोन करा.

मशीन लावणे

१४ नंबरची नवी सुई, वर आणि बॉबिनला एकच सुती दोरा, इंचाला १० ते १२ टाके. टाका यापेक्षा लांब ठेवला, तर इस्त्रीनंतर शिवणीच्या फटीतून दोरा दिसतो आणि कडेच्या शिवणी उसवू लागतात.

मशीनच्या पायाची कड म्हणजे पाव इंच, असे गृहीत धरू नका. प्रत्येक मशीनचा पाय वेगळा. सुई खाली करा, तिच्यापासून उजवीकडे टेपने दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोजा आणि तिथे चिकटपट्टीचे चारपाच थर लावून कठडा तयार करा. कापड पुढे सरकवणारे खालचे दाते झाकले जाऊ देऊ नका. कापडाची कड या कठड्याला टेकवून चालवायची. नजर सुईवर नको, कठड्यावर हवी. सुईकडे पाहिले की शिवण हमखास वाकते.

आता चाचणी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा, मधली मोजा. ती बरोबर १ इंच आली पाहिजे. कमी आली, तर कठडा सुईकडे सरकवा. जास्त आली, तर दूर न्या. माया नेमकी पाव इंच घेतली तरी मधली पट्टी बहुतेक वेळा किंचित कमीच भरते, कारण घडीच्या वळणात एखादा दोरा जातो. तेव्हा माया पाव इंचाला एक दोरा कमीच ठेवावी.

ही चाचणी टाळू नका. माया अर्धा सूत जरी जास्त गेली, तरी एका शिवणीत दोन्ही तुकडे मिळून एक सूत जाते. ब्लॉकच्या एका दिशेला दोन शिवणी, म्हणजे पाव इंच गेला. चार ब्लॉकांची एक ओळ जोडेपर्यंत ती सव्वा इंचाहून जास्त आखडलेली असते.

शिवण

तुकडे आधी टेबलावर मांडा. पहिली आणि तिसरी ओळ गडद-फिके-गडद, मधली फिके-गडद-फिके. मग प्रत्येक ओळीचे पहिले दोन तुकडे सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून शिवा. सुरुवातीला चिंधीचा एक तुकडा मशीनखाली घालून त्यावरून पुढे या. तसे केले नाही, तर पहिल्याच टाक्याला दाते कोपरा खाली ओढतात आणि दोऱ्याचा गुंता होतो. जोड्या एकामागून एक घाला, मधला दोरा तोडू नका. शेवटी सगळ्यांची माळ एकदम कापा. टोकाला उलटी टीप मारायची गरज नाही, पुढची आडवी शिवण ते टोक बांधून घेते. मग तिसरा तुकडा जोडा.

इस्त्री इथे घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. वाफ नको. आधी मिटलेल्या शिवणीवर इस्त्री ठेवा म्हणजे टाके कापडात बसतात. मग तुकडा उघडून माया गडद कापडाकडे वळवा. त्यामुळे फिक्यातून गडद झळकत नाही. शिवाय पहिल्या-तिसऱ्या ओळीत माया बाहेर जाते आणि मधल्या ओळीत आत येते. ओळी जोडताना समोरासमोरच्या घड्या एकमेकींना अडतात. बोटांनी चाचपले की हे कळते: दोन्ही कडा भिडल्या की तुकडा पुढे सरकत नाही. तिथेच, शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकेक टाचणी लावा. टाचणी सुईखाली येण्याआधी काढा.

एक ओळ किंचित लांब असेल, तर ती खाली ठेवा. दाते खालचे कापड जरा जास्त ओढतात, तो फरक तिथेच जिरतो. फरक एका सुतापेक्षा जास्त असेल, तर ओढाताण करू नका. ओळ उसवा आणि नेमके काय चुकले, माप की माया, ते शोधा.

मशीन नसेल तरी अडत नाही. ३ इंचांच्या साच्याने उलट बाजूला शिवणीची रेघ आखा आणि बाहेर पाव इंच सोडून कापा. दोन तुकड्यांचे कोपरे टाचणीने आरपार जुळवा, रेघेवरून बारीक धावदोरा घाला, इंचभर गेल्यावर एक उलटा टाका. हातशिवणीत कापडाच्या कडेपासून नाही, रेघेच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच शिवायचे. माया मोकळी राहते आणि हवी तिकडे वळते.

ब्लॉक ९.५ इंच भरला की झाला. ९.२५ आला, तर कडेच्या घरांना ताणून माप भरू नका आणि मोठा आला म्हणून एकाच बाजूने छाटूही नका. मधले घर बरोबर ब्लॉकच्या मध्यावर धरून चारही बाजूंनी सारखे छाटा. छाटल्यावर कोपऱ्यांतली घरे मधल्यापेक्षा लहान झालेली दिसली, तर मशीनचा कठडा पुन्हा मोजा.

पुढच्या नऊ ब्लॉकांना एक वेगवान रीत आहे, पण पहिला ब्लॉक सुटा शिवून झाल्यावरच ती धरा. ३.५ इंच रुंदीच्या गडद पाच आणि फिक्या चार पट्ट्या पूर्ण पन्ह्याच्या कापा. त्यांचे गडद-फिके-गडद असे दोन संच आणि फिके-गडद-फिके असा एक संच शिवा. इस्त्री करा आणि संच आडवे ३.५ इंचांवर कापत जा. पहिल्या दोन संचांतून २४ ओळी निघतात, तिसऱ्यातून १२. नऊ ब्लॉकांना १८ आणि ९ लागतात. दर चारपाच तुकड्यांनंतर पट्टीचे टोक काटकोनात आहे ना, ते पाहून पुन्हा सरळ करून घ्या.