टर्बो बदलण्याआधी : जुन्या डिझेल गाडीतील बूस्ट नियंत्रणाचा दोष कसा शोधावा

मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात जुनी डिझेल गाडी अचानक मान टाकते, तीन हजार आरपीएमच्या पुढे सरकत नाही, आणि बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ व्यवस्थित चालते. अशा वेळी ‘टर्बो गेला’, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भागच निकामी झाला, असा निकाल फार लवकर दिला जातो. वस्तुतः किल्ली फिरवल्यावर दोष तात्पुरता नाहीसा होतो, याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की अपेक्षित आणि प्रत्यक्ष बूस्टमध्ये (टर्बोने निर्माण केलेल्या हवेच्या जादा दाबात) फरक पडल्याने इंजिनाच्या संगणकाने स्वतःहून ताकद रोखली होती. टर्बो हा या साखळीतला सर्वांत महाग भाग आहे. म्हणून त्याची पाळी शेवटी यावी.

प्रथम स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारे उपकरण) लावून कोड लिहून घ्यावेत आणि मगच पुसावेत. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडणे, पी०२३४ म्हणजे तो मर्यादेबाहेर वाढणे. या दोन कोडांमुळे तपासाची दिशाच बदलते.

यानंतर इंजिन बंद ठेवून, फक्त किल्ली चालू करून मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा पाहावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब साधारण ९४ किलोपास्कल असतो. सेन्सरने त्याच्या आसपासचा आकडा दाखवला पाहिजे. तो ठळकपणे वेगळा असेल, तर सेन्सर काढून त्यावरील काजळी इलेक्ट्रॉनिक भागांसाठीच्या क्लीनरने धुवावी. टोकाला सुई किंवा ब्रश लावू नये. आणखी एक गल्लत येथेच होते : संगणक सहसा बाहेरच्या हवेच्या दाबासकट एकूण दाब मोजतो, त्यामुळे २०० किलोपास्कल दिसले तरी प्रत्यक्ष बूस्ट सुमारे १०६ किलोपास्कलच असतो.

बूस्ट कमी पडत असल्यास इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज आणि क्लॅम्प तपासावेत. रबरी होजला पडलेली चीर बहुधा वरून दिसत नाही. ती अनेकदा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला असते आणि दाब आल्यावरच उघडते. तिच्याभोवती धूळ चिकटलेला ओला तेलकट पट्टा हीच तिची खूण. होजच्या आत तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे, मात्र तेल साचलेले आढळल्यास आधी टर्बोच्या शाफ्टची ढिलाई पाहावी आणि तोवर गाडी जोरात पळवू नये.

व्हीजीटी टर्बो (आतील पाती फिरवून बूस्ट कमी-जास्त करणारा टर्बो) असलेल्या गाड्यांत खरी गंमत व्हॅक्युमची असते. पंपापासून निघालेली बारीक नळी सोलेनॉइडमार्गे (विजेवर चालणाऱ्या झडपेतून) ॲक्च्युएटरपर्यंत (व्हॅक्युमने दांडा ओढून टर्बोची पाती हलवणाऱ्या डबीपर्यंत) जाते, आणि इंजिनाच्या उष्णतेने ही नळी वर्षानुवर्षे भाजून तिची टोके कडक व सैल होतात. बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होताच ॲक्च्युएटरचा दांडा आत ओढला जातो आणि बंद करताच सुटतो. सोबतीला कोणी किल्ली फिरवणारे असेल, तर टॉर्चच्या उजेडात ही हालचाल सहज दिसते. दांडा हलत नसल्यास पंपाच्या नळीवर गेज लावावा. समुद्रकिनाऱ्यावरचा पंप २७-२८ इंच (पाऱ्याचे) दाखवत असेल, तर नाशिकमध्ये तोच पंप सुमारे दोन इंच कमी दाखवील. तेवढ्यावरून पंप बदलू नये. व्हॅक्युम खरोखरच कमी असेल आणि याच व्हॅक्युमची मदत घेणाऱ्या ब्रेकचे पॅडलही कडक लागत असेल, तर संशय पंपावर किंवा मुख्य नळीवर घ्यावा, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

पंप ठीक असल्यास इंजिन बंद करून हातपंपाने थेट ॲक्च्युएटरला व्हॅक्युम द्यावा. दांडा अडखळत न जाता सरकला पाहिजे आणि मिनिटभर तसाच टिकला पाहिजे. हळूहळू सुटत असेल, तर बहुधा ॲक्च्युएटरचा पडदा फाटला आहे. मध्येच अडकत असेल, तर बहुधा टर्बोच्या आतील पात्यांवर काजळी बसली आहे. केवळ शहरात, कमी आरपीएमवर फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास आढळते, आणि पाती बंद स्थितीत अडकली की बूस्ट मर्यादेबाहेर जातो. अशा वेळी टर्बो उतरवून साफ करावा लागतो. घरी वरवर स्प्रे मारल्याने फारसे साधत नाही. दांडा निर्दोष असेल, तर उरतो सोलेनॉइड : त्याची फिल्टर-जाळी, कनेक्टर आणि कॉइलचा रोध गाडीच्या मॅन्युअलमधील आकड्याशी ताडून पाहावा. सोलेनॉइड वगळून नळी थेट जोडण्याचा प्रयोग फक्त गाडी उभी असताना, आयडलवर करावा; तसे जोडून गाडी चालवल्यास बूस्टवर नियंत्रणच राहत नाही.

गरम टर्बोजवळ हात घालू नये, आणि ॲक्च्युएटरच्या दांड्याचा नट किंवा स्टॉप स्क्रू ‘थोडासा’ फिरवून ताकद वाढवण्याच्या मोहात तर मुळीच पडू नये, कारण ती जुळणी नंतर अंदाजाने परत बसत नाही. दुरुस्तीनंतर मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० पासून ३,००० आरपीएमच्या पुढेपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन सोबत्याला स्कॅनरवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब नोंदवायला सांगावे. दोन्ही रेषा थोड्याफार फरकाने एकत्र चढल्या आणि कोड परत आला नाही, तर काम झाले असे समजावे.