किडनी बदलल्यानंतर जंतुसंसर्ग : तरुण मुलांच्या घरात होणाऱ्या या चुका टाळा

लेकाला मी किडनी दिली तेव्हा तो 19 वर्षांचा होता. तीन महिन्यांत चेहऱ्यावर तेज आलं, तो पुन्हा कॉलेज रोडवर मित्रांत दिसू लागला आणि आम्ही सगळेच सैलावलो.

पहिली चूक माझी. एका संध्याकाळी थर्मामीटरवर 100.6 आलं. उन्हात फिरला असेल म्हणून तापाची गोळी दिली, म्हटलं सकाळी बघू. पहाटे त्याला हुडहुडी भरली. लघवीची जळजळ दोन दिवसांपासून होती, आई काळजी करेल म्हणून बोलला नव्हता. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, म्हणून आत संसर्ग वाढला तरी ताप बेताचाच दिसतो. 100.4 दिसलं की त्याच रात्री ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या घरातच ठेवू नका, त्यांचा मार थेट किडनीवर बसतो. दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे गेलात तर गोळ्यांची यादी आधी पुढे करा. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते, रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने उतरते.

जळजळीचं मूळ नंतर कळलं. कॉलेजातलं स्वच्छतागृह घाण, म्हणून पोरगा दिवसभर पाणीच पीत नव्हता, लघवीही दाबून धरायचा. मुलींच्या बाबतीत तर हे हमखास विचारा.

'गोळ्या कमी केल्या की इन्फेक्शन होणार नाही' हा सल्ला नातेवाईक देतात. ऐकू नका. डोस चुकला तर शरीर किडनी नाकारू शकतं, मग ते थांबवायला आणखी जोरदार औषधं द्यावी लागतात आणि संसर्गाचा धोका उलट वाढतो.

खाण्याचं सोपं आहे. वाफाळती मिसळ चालेल, वरचा कच्चा कांदा नको. पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस बंद. द्राक्षं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पपनस मात्र धुऊनही नको, त्यानेही टॅक्रोलिमस चढतं.

फ्लूची लस दरवर्षी घ्या, घरातल्यांनीही. कांजिण्या, गोवरासारख्या जिवंत लसी, म्हणजे ज्यांत कमजोर केलेले जिवंत जंतू असतात त्या, त्याला द्यायच्या नाहीत.

सगळ्यात जड गेली ती रंगपंचमी. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंग कालवलेल्या जुन्या हौदात, एकाच पाण्यात शेकडो जण उड्या मारतात. रामकुंडातली डुबकीही तशीच, दोन्ही नकोच. मित्रांसमोर नाही म्हणायची त्याला लाज वाटायची. शेवटी त्यानेच मित्रांना शर्ट वर करून टाके दाखवले. आता थर्मामीटर त्याच्या सॅकमध्ये असतो आणि आकडा वाढला की फोन तो स्वतः करतो.