स्मार्ट स्विचची मेमरी झिजते, पण कशामुळे? या चुका टाळा

नवा स्मार्ट स्विच बसवला की पहिले काही दिवस सेटिंगशी खेळण्यातच जातात. डिमिंगचा वेग कमी कर, इंडिकेटरचा रंग बदल, वीज गेली आणि परत आली तर दिवा लागावा की बंद राहावा ते ठरव. मग कुणीतरी बजावतं, ‘सारखं बदलू नकोस, आतली मेमरी खराब होईल.’ ही भीती अगदीच खोटी नाही. फक्त हात आखडता घ्यायला हवा तिथे कुणी घेत नाही.

आधी झीज कशी होते ते पाहू. सेटिंग वीज गेल्यावरही टिकावं म्हणून ते फ्लॅश किंवा ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज नसतानाही माहिती टिकवणाऱ्या मेमरी चिपमध्ये साठवलेलं असतं. फ्लॅशमध्ये एकच आकडा खोडून त्या जागी दुसरा लिहिता येत नाही, अख्खा सेक्टर, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, पुसावा लागतो. या स्विचमधल्या फ्लॅशमध्ये तो बहुधा 4 केबीचा असतो. पुसताना इलेक्ट्रॉन अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरातून ओढले जातात आणि दर खेपेला तो थर किंचित दुबळा होतो. अशा फ्लॅशची सहनशक्ती साधारण 1,00,000 वेळा पुसण्याइतकी सांगितली जाते.

आता हिशोब करा. तुम्ही रोज दहा वेळा सेटिंग बदललं आणि दर वेळी तोच सेक्टर पुसला गेला, तरी 27 वर्षं लागतील. इतका हौशी माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण तेच काम एखादं ऑटोमेशन (ठरवून दिलेल्या अटीनुसार आपोआप चालणारी सूचना) दर मिनिटाला करू लागलं, तर दिवसाला 1,440 वेळा, म्हणजे 70 दिवसांत मर्यादा गाठली! चांगलं फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, ही वेळ येऊ देत नाही. उदाहरणार्थ, ईएसपी32 चिपच्या नेहमीच्या साठवण पद्धतीत 4 केबीच्या एका पानावर 126 छोट्या नोंदी मावतात. नवी नोंद पुढच्या रिकाम्या जागी पडते आणि पान भरल्यावरच पुसायची वेळ येते. त्यामुळे तेच 70 दिवस जवळपास 24 वर्षं होतात. मात्र तुमच्या स्विचमध्ये अशी सोय आहे की नाही, हे खोक्यावर छापलेलं नसतं.

सेटिंगचा वापर आदेशासारखा करणं

खरी चूक ही. दार उघडं राहिलं की इंडिकेटर लाल, बंद झालं की हिरवा, आणि त्यासाठी ऑटोमेशन रंगाचा पॅरामीटरच (स्विचमध्ये साठवलेलं सेटिंगच) बदलत राहतं. पॅरामीटर कायमचा साठवण्यासाठी असतो. काही स्विचमध्ये सूचनेसाठी वेगळा इफेक्टचा आदेश असतो, तो तात्पुरता असतो. आधी तो शोधा. नसेलच तर किमान ‘सध्याचा रंग वेगळा असेल तरच बदल’ ही अट घाला.

डिमिंगचंही तेच. रात्री दिवा हळू उजळावा म्हणून रोज वेगाचा पॅरामीटर बदलण्याची गरज नाही. झिगबी आणि झेड-वेव्ह या स्मार्ट उपकरणांच्या वायरलेस पद्धती, त्या दोन्हींत ‘इतक्या सेकंदांत इतक्या उजेडावर जा’ असा कालावधी आदेशाबरोबरच पाठवता येतो.

‘शेवटची स्थिती लक्षात ठेव’ सगळीकडे लावणं

हा पर्याय निवडला की काही फर्मवेअर प्रत्येक चालू-बंदची नोंद फ्लॅशमध्ये करतात. हालचाल ओळखून लागणाऱ्या दिव्याला याचा उपयोग काय? तिथे ‘वीज आल्यावर बंद’ ठेवा. टास्मोटा हे फर्मवेअर वापरणाऱ्यांनी स्थिती साठवायची की नाही ते ठरवणारं ‘सेटऑप्शन0’ तपासावं, ते मुळातच चालू असतं.

सेटिंग विसरलं की थेट मेमरीला दोष देणं

बरीच फर्मवेअर लगेच लिहीत नाहीत. ईएसपीहोम या फर्मवेअरमध्ये फ्लॅशमध्ये लिहिण्याचं मूळ अंतर 1 मिनिटाचं आहे. सेटिंग बदललं आणि लगेच एमसीबी खाली केला, तर बदल गेलाच. म्हणून चाचणी अशी करा: सेटिंग बदला, पाच मिनिटं थांबा, वीज बंद करून परत द्या आणि हबला (सगळी स्मार्ट उपकरणं सांभाळणाऱ्या यंत्राला) ते सेटिंग थेट स्विचकडून वाचायला लावा. दर वेळी तोच जुना आकडा परत येत असेल, तर आधी हबकडे बघा, एखादं विसरलेलं ऑटोमेशन तो पुन्हा लिहीत असेल. सगळीच सेटिंग उडाली असतील तर आठवून पाहा, वीज पटापट ये-जा झाली होती का? काही उपकरणं त्यालाच रीसेटची खूण समजतात. वीज असेपर्यंत सगळं ठीक आणि पुरेसं थांबूनही वीज गेल्यावर बदल टिकतच नाही, असं वारंवार झालं तरच मेमरीवर संशय घ्या. आणि या चाचणीआधी फॅक्टरी रीसेट करू नका, माग काढायला काही उरत नाही.

टकटक आवाज येतो पण दिवा विझत नाही, ही तक्रार तर मेमरीची नाहीच. तो दोष रिलेचा, म्हणजे दिव्याची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या छोट्या स्विचचा. एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरमध्ये (दिव्याला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) चालू होताना क्षणभर प्रचंड करंट शिरतो आणि रिलेचे संपर्कबिंदू वितळून चिकटतात. स्विच अधूनमधून स्वतःच रीस्टार्ट होत असेल तर त्याच्या पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचा विचार करा. तापमान 10 अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि भिंतीतल्या बंद डब्यात हवा कुठून येणार?

मेमरीचीच काळजी करायची असेल तर हबमधल्या एसडी कार्डाची करा. होम असिस्टंट हे हबवर चालणारं सॉफ्टवेअर मूळ सेटिंगनुसार दर 5 सेकंदांनी डेटाबेसमध्ये नोंदी लिहितं. ते अंतर 30 सेकंद करा आणि नको त्या सेन्सरची नोंद बंद करा.