घारापुरीची जुनी चित्रं आणि फोटो कसे बघायचे (बडोद्यातून सुरुवात करून)

घारापुरीला, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटावरच्या लेण्यांना, जायचा प्लॅन असेल तर आधी आठ-पंधरा दिवस तिथली जुनी चित्रं बघत बसा, मग जा. मी तसंच केलं आणि तिथे पोचल्यावर प्रत्येक खांबापाशी पाय थांबत होता.

सुरुवात आपल्या बडोद्याजवळच्या डभोईपासून करा. जेम्स फोर्ब्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस 1780 नंतर डभोईला कलेक्टर होता, 1783 ला डभोई परत मराठ्यांकडे आली तेव्हा त्याला जावं लागलं. हा जिथे जाई तिथे चित्रं काढी, डभोईची आणि घारापुरीचीही. 1813 मध्ये त्याच्या आठवणींचे चार खंड छापले, स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. इंग्रजी जड वाटलं तर नुसत्या प्लेट्स, म्हणजे छापील चित्रं, बघा.

मग वर्षाप्रमाणे लावत जा. कार्स्टेन नीबूर हा प्रवासी 1764 मध्ये घारापुरीला आला, त्याने मापं घेऊन रेखाटनं केली. 1793 मध्ये थॉमस आणि विल्यम डॅनियल हे चित्रकार काका-पुतणे मुंबईत आले, तिथे त्यांना जेम्स वेल्स हा चित्रकार भेटला. वेल्स 1795 ला वारला, पण त्याचे कागद अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात (येल सेंटर) जपलेत आणि त्यातच पुण्याच्या गंगाराम तांबटांची चित्रंही आहेत. तांबटांचं गाजलेलं काम वेरूळचं आहे, तरी बघाच, आपला माणूस तेव्हा काय ताकदीने रेघ मारत होता ते कळतं. फोटोंमध्ये जेम्स बर्जेस या अभ्यासकाचं घारापुरीवरचं 1871 चं पुस्तक शोधा, फोटो साइक्सचे आहेत.

आता तारीख कशी ओळखायची ते. बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1814 मध्ये त्याचं डोकं आणि मान पडली. म्हणजे चित्रात हत्ती डोक्यासकट उभा असेल तर मूळ रेखाटन त्याच्या आधीचं, नाहीतर कुणीतरी जुन्यावरून कॉपी मारलीय. प्लेटवर छापलेलं वर्ष हे छपाईचं असतं, चित्रकार तिथे गेल्याचं नाही, त्यामुळे वहीत दोन वेगळे कॉलम ठेवाच. (हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, 1864 मध्ये हलवताना तुटला आणि 1914 ला तुकडे जोडून उभा केला.)

दुसरी चाचणी मला सगळ्यात आवडते. छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर जसं कोरलं त्याच्या उलटं छापून येतं, आणि कुणी स्कॅन करताना फिल्म पालथी ठेवली तरी तेच होतं. म्हणून सदाशिवाच्या, म्हणजे अनेक मुखांच्या शिवाच्या, मूर्तीकडे बघा, लोक त्रिमूर्ती म्हणतात ती. समोर उभं राहिलं की आपल्या डाव्या हाताला अघोर हे मुख, मिशा, रागीट चेहरा, हातात साप, आणि उजवीकडे वामदेव हे मुख, शांत, बाईसारखा नाजूक चेहरा, हातात कमळ. चित्रात साप उजवीकडे दिसला की समजायचं चित्र उलटं झालंय. माझ्या फाइलमध्ये एक प्रिंट वर्षभर तशीच पालथी पडून होती, सापाकडे लक्षच गेलं नव्हतं!

अजून एक, जुन्या फोटोत बरेच खांब तुटलेले दिसतात आणि आज गेलात तर उभे दिसतील, कारण ते नंतर बांधून काढलेत. तेव्हा आधी जुना फोटो बघून कुठला खांब तुटका ते नकाशावर टिपून ठेवा, मग तिथे नवा दगड आपोआप ओळखू येतो.

पुस्तकांसाठी मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी आणि युनिव्हर्सिटीची हंसा मेहता लायब्ररी, दोन्हीकडे विचारून बघा. कार्मेल बर्कसन या बाईंनी काढलेले घारापुरीचे विसाव्या शतकातले फोटो छापील पुस्तकातच बघावेत, मोबाईलवर त्यातली सावली मरते.

जायचं तेव्हा सोमवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात. गेटवेवरून लाँचला तासभर लागतो. मोठी लेणी उत्तरेकडून उघडी आहे आणि पूर्व-पश्चिमेलाही चौक आहेत, त्यामुळे उजेड बाजूने येतो. आत गेल्या गेल्या फोटो काढू नका, पाचेक मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग जुनी प्रिंट हातात धरून मागे-पुढे सरका, खांब चित्रासारखे एकमेकांआड गेले की चित्रकार तिथेच बसला होता. तिथूनच तुमचा फोटो काढा आणि मागे तारीख-वेळ लिहून ठेवा.