सासरे 1852 साली जन्मले कसे? सामायिक वंशावळीतली चूक काढताना

गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, पुतण्या पुण्याहून आला आणि मोबाइलवर फॅमिलीसर्चवरची आमची वंशावळ दाखवत बसला. ही अशी वेबसाइट, जिथं एकाच वंशावळीत कुणीही भर घालू शकतो, बदलू शकतो. बघते तर सासऱ्यांचा जन्म 1852 आणि त्यांच्या वडिलांचा 1905! तो लगेच पुसायला निघाला. म्हटलं, थांब.

शाळेच्या ऑफिसात मी 31 वर्षं दाखले लिहिले. आकडा वेडावाकडा दिसला की खोडायच्या आधी तो आला कुठून ते बघायचं. सोलापुरातल्या बाळीवेशीतल्या जुन्या घरातून आणलेल्या वहीत 'शके 1852, चैत्र' असं लिहिलंय. कुणीतरी 'शके' गाळून नुसता आकडा चढवला होता. शकात 78 मिळवा, 1930 येतं. (माघ-फाल्गुनातला जन्म असेल तर 79, कारण मध्ये इंग्रजी साल बदलतं.) पडताळाही घरातच मिळाला. सोलापुरात मार्शल लॉ लागला तो मे 1930 मध्ये, आणि आजेसासूबाई सांगायच्या, "तवा ह्यो पाळण्यात होता बघ." जुन्या निजाम हद्दीतल्या कागदावर फसली साल (महसुलाची जुनी कालगणना) असेल तर त्यात 590 किंवा 591 मिळवा. आणि जन्मतारीख 1 जून दिसली तर जरा संशय घ्या. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी हीच टाकायचे.

आता दुरुस्ती. तारीख बदलताना खाली कारणाची चौकट येते, ती रिकामी सोडू नका. 'चूक होती' एवढं लिहून भागत नाही. उद्या दुसरा कुणी येऊन परत 1852 करेल. वहीच्या पानाचा फोटो जोडा.

खरा गोंधळ नावांचा. आमच्यात आजोबाचं नाव नातवाला. सिद्राम मल्लप्पा, त्याचा मल्लप्पा सिद्राम, त्याचा पुन्हा सिद्राम मल्लप्पा. कुणीतरी दोन्ही सिद्राम एकच समजून जोडून टाकले. मग एका माणसाला आजीही बायको आणि नातसूनही बायको! अशा वेळी एकेक नाव खोडत बसू नका. 'लेटेस्ट चेंजेस'मध्ये, म्हणजे झालेल्या बदलांच्या यादीत, जोडणी कधी झाली ते शोधा आणि तिथूनच ती उलटवा. मध्ये कुणी आणखी बदल केले असतील तर 'अनमर्ज' मिळत नाही. जोडताना हटवली गेलेली व्यक्ती 'रिस्टोअर' करून, म्हणजे परत आणून, नाती हातानं लावावी लागतात. त्याआधी कोण कुणाचा ते कागदावर मांडून घ्या, नाहीतर अर्ध्यात डोकं फिरतं. शेवटी दोघं वेगळे आहेत अशी 'नॉट अ मॅच' खूण करा.

हयात माणसाला चुकून मयत दाखवलं असेल तर ते आधी दुरुस्त करा, कारण मयताची माहिती सगळ्यांना दिसते.

बदल करणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून निरोपही धाडता येतो. मी भांडणाचा सूर न लावता विचारलं, 1852 कुठून घेतलं? दोन दिवसांनी उत्तर आलं. लांबच्या नात्यातले दीर निघाले. "वहिनी, मीच टाकलं ते. वहीची बाकीची पानं पण पाठवता का?"