सॉनिकची कॉमिक्स वाचायला घेताय? या चुका टाळा

भाच्याच्या वाढदिवसाला मी सॉनिक या व्हिडिओ गेममधल्या निळ्या साळूच्या कॉमिक्सचा एक जाडजूड, पुठ्ठा बांधणीचा खंड मागवला. पठ्ठ्याने पाकीट फोडलं, चार पानं उलटली आणि म्हणाला, "मामा, हे तर माझ्याकडे आहे." खरंच होतं. त्याच्या कपाटात तीन पातळ पुस्तकं होती आणि त्यांत हेच बारा अंक. वर मी त्याला विचारलं, "मग यात ती सॅली राजकन्या कधी येते?" त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवाजी महाराजांच्या चित्रपटात हनुमान कधी येतो ते विचारलं होतं.

त्यानंतर मी जरा खोलात शिरलो आणि कळलं की माझ्यासारखे बरेच जण याच खड्ड्यांत पडतात.

सगळा सॉनिक एकच, असं धरून चालणं

बाकीच्या निम्म्या चुका या एका चुकीच्या पोटातून निघतात. सेगा या जपानी कंपनीचा सॉनिकचा पहिला खेळ 1991 चा. तेव्हा त्यात गोष्ट अशी नव्हतीच फारशी: निळा साळू पळतो, अंगठ्या गोळा करतो, जाड्या शास्त्रज्ञाला बडवतो. इतकी मोकळी जागा मिळाल्यावर ज्याने त्याने आपापलं घराणं काढलं. राग तोच, बंदिशी वेगळ्या.

अमेरिकेत आर्ची कॉमिक्सने 1992 च्या अखेरीस छोटी मालिका काढली आणि 1993 पासून नियमित. ती 290 अंक चालली. व्हिडिओ गेमवर बेतलेली सर्वांत दीर्घकाळ चाललेली कॉमिक मालिका म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. सॅली राजकन्या, मोबियस ग्रह, रोबोटनिक (तोच जाड्या शास्त्रज्ञ) याच्या राजवटीशी लढणारे फ्रीडम फायटर्स ही सगळी मंडळी याच घराण्याची, आणि त्यांचं माहेर अमेरिकन टीव्हीवरचं कार्टून. खेळ नव्हे.

त्याच 1993 मध्ये ब्रिटनमध्ये फ्लीटवेने 'सॉनिक द कॉमिक' सुरू केलं. ते 223 अंक चाललं, शेवटी शेवटी जुन्याच गोष्टी पुन्हा छापत. इथला सॉनिक तिरकस बोलतो, मित्रांना टोमणे मारतो. खलनायकाची जन्मकथा तर खासच: ओव्ही किंटोबोर नावाचा एक भला शास्त्रज्ञ असतो, यंत्राचा अपघात होतो, त्यात एक नासकं अंडं सापडतं आणि तो आयव्हो रोबोटनिक होतो. रोमन अक्षरांत पहिलं नाव उलटं वाचा, दुसरं मिळेल. खेळात सोनेरी सुपर सॉनिक म्हणजे तारणहार. इथे तो उलटा. डोळे गरगरणारा सैतान, ज्याला सॉनिकचे मित्रच घाबरतात. नेटवर त्याचं एखादं चित्र पाहून खेळात हा कुठे भेटतो म्हणून शोधत बसू नका. भेटत नाही.

तिसरं घराणं आयडीडब्ल्यू या अमेरिकन प्रकाशकाचं, एप्रिल 2018 पासूनचं. त्यात सॅली नाही. भाच्याचं बरोबर होतं.

म्हणून पुस्तक हातात आलं की आधी प्रकाशकाचं नाव बघा, मग चित्र.

आर्चीचा पहिला अंक शोधत बसणं

आपल्याला सवयच असते, 'पहिल्यापासून' वाचायची. पण आर्चीचे सुरुवातीचे अंक म्हणजे शाब्दिक कोट्या आणि धडपडीचे विनोद. दहा-बारा अंकांतच माणूस कंटाळतो आणि 'हे पोरकट आहे' म्हणून सोडून देतो. मालिका गंभीर झाली ती हळूहळू. 47 ते 50 या अंकांतल्या 'एंडगेम'मध्ये सॅलीच्या खुनाचा आळ सॉनिकवर येतो आणि पन्नासाव्या अंकात मूळ रोबोटनिक संपतो. नंतर 75 व्या अंकात दुसऱ्याच विश्वातून आलेला त्याचा यांत्रिक जुळा एगमन (खेळांतलं रोबोटनिकचंच दुसरं नाव) म्हणून ठाण मांडतो. मधले अंक चुकले की वाचणारा विचारतो, 'हा मेला होता ना?' हो, मेला होता. हा दुसरा.

माझं मत विचाराल तर 160 व्या अंकापासून सुरू करा. 2006 मध्ये इथे इयन फ्लिन हा लेखक आला आणि त्याने आधीच्या लोंबकळणाऱ्या धाग्यांना एकेक करून गाठी मारल्या. मागचं काही अडलं तर तेवढा अंक उलटून बघता येतो.

252 व्या अंकावर अडखळून 'आपला अंक हरवला' असं समजणं

इथे फार जण गोंधळतात. 251 आणि 252 यांच्यात अख्खं जग बदललेलं दिसतं. नकल्स या सॉनिकच्या लाल मित्राच्या जमातीची डझनावारी पात्रं नाहीशी झालेली. पानं गळालेली नाहीत. कथेतलं कारण असं की 2013 मध्ये मेगा मॅन या दुसऱ्या एका व्हिडिओ गेमच्या नायकाच्या मालिकेबरोबर 'वर्ल्ड्स कोलाइड' नावाची बारा भागांची मोठी टक्कर झाली आणि तिच्या शेवटी विश्वाची फेरमांडणी झाली.

खरं कारण कोर्टातलं. जुना लेखक-चित्रकार केन पेंडर्स याने आपण घडवलेल्या पात्रांचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवले. आर्चीने 2010 मध्ये दावा लावला, पण हक्क कंपनीकडे असल्याचा मूळ करार काही त्यांना पुढे करता आला नाही. 2013 मध्ये तडजोड झाली आणि ती पात्रं मालिकेतून गेली. एक कागद नीट जपला नाही, म्हणून एका ग्रहाची लोकसंख्या घटली! सातबारा सांभाळून ठेवणाऱ्या आपल्या आजोबांना हे लगेच पटलं असतं.

'वर्ल्ड्स कोलाइड' वाचताना आणखी एक फसगत होते. बारा भाग तीन मालिकांत विखुरलेले आहेत, प्रत्येकीत चार. नुसते सॉनिकचे चार अंक सलग वाचले तर दर वेळी भलत्याच ठिकाणी जाग आल्यासारखं वाटतं. एकत्र बांधलेली पुस्तकंच मिळवा.

'खेळात असं नाहीये' म्हणून नाक मुरडणं

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. ॲमी रोझ आज खेळातली मुख्य मुलगी आहे. पण ती आधी आली 1992 च्या मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, मग 1993 च्या 'सॉनिक सीडी' या खेळात. वर सांगितलेल्या फ्लिननेच पुढे 2022 च्या 'सॉनिक फ्रंटियर्स' या खेळाची संहिता लिहिली आणि त्यात आयडीडब्ल्यूच्या कॉमिकमधल्या टँगल या पात्राचा उल्लेख हळूच सरकवून दिला. ज्यांनी कॉमिक वाचलं नव्हतं ते विचारत राहिले, ही टँगल कोण?

आयडीडब्ल्यूचा मात्र खेळाशी थेट सांधा आहे. त्याचा पहिला अंक 2017 च्या 'सॉनिक फोर्सेस' या खेळानंतर उघडतो. तो खेळला नसेल तर 'कुठलं युद्ध झालं?' हा प्रश्न पडणारच. एवढं लक्षात ठेवा: एगमनने जवळजवळ सगळं जग जिंकलं होतं, तो हरला, आणि आता बेपत्ता आहे. याच्यापुढे कॉमिक आपलं आपण सांगतं.

एकच गोष्ट दोनदा विकत घेणं

म्हणजे माझी चूक. आयडीडब्ल्यूचे अंक आधी पातळ पुस्तकांत येतात (पहिल्या तिन्हींत प्रत्येकी चार अंक), मग तेच जाड खंडांत. नाव, चित्र, किंमत सगळं वेगळं. मागवण्याआधी वर्णनात 'अंक 1 ते 12' असं काही लिहिलंय का ते शोधा. खंडाचा क्रमांक काहीच सांगत नाही, कारण पातळ तिसरं आणि जाड पहिलं एकाच ठिकाणी संपतात. तसंच अमेरिकन अंकावर छापलेला महिना बहुधा विक्रीच्या महिन्या-दोन महिने पुढचा असतो. त्यावरून क्रम लावायला गेलात तर गोत्यात याल. अंकाचा क्रमांक धरा.

आर्चीचं नवीन काही छापून येत नाही. 2017 मध्ये सेगाशी असलेला संबंध संपला. जुनेच अंक फिरतात. सुटा अंक घेताना मधलं पान उघडून बघाच. मला फुटपाथवर एकदा असा मिळाला होता की त्याचं मुखपृष्ठ सॉनिकचं, आत पिना काढून घातलेली भलत्याच अंकाची पानं.

मेटल व्हायरस अर्ध्यातून धरणं

आयडीडब्ल्यूची ही सर्वांत गाजलेली कथा. एगमनच्या विषाणूने जिवंत प्राणी धातूचे बनत जातात, आणि सॉनिकला लागण झालेली असल्यामुळे तो पळत राहून ती झटकत असतो. थांबला की संपला. ही सगळी धावपळ 13 व्या अंकापासून 29 पर्यंत आहे; मधूनच उचलली तर कोण का रडतंय ते कळत नाही. शेवटचे काही अंक 2020 च्या टाळेबंदीत अडकले. साथीची गोष्ट साथीमुळेच लांबली.

त्या जोडीला 2019 ची टँगल आणि तिची मैत्रीण व्हिस्पर यांची चार अंकांची वेगळी मालिका वाचा. व्हिस्पर मुखवट्याआड इतकी गप्प का, तिची जुनी टोळी कुठे गेली, ते त्यात आहे. भाच्याकडे ती नव्हती. या वेळी मी आधी त्याला फोन केला.