वायकाटोत पाच एकर आणि चार मेंढ्या : नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

न्यूझीलंडच्या वायकाटो प्रदेशात हॅमिल्टनच्या आसपास, केंब्रिज, ते-आवामुतू किंवा मॉरिन्सविल या गावांच्या बाजूला, थोडी जमीन असलेले घर घेण्याची ओढ आपल्या लोकांना आता लागली आहे, आणि ती मला मनापासून आवडते. घर ताब्यात आल्यावर पहिल्याच वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, गवत इतक्या वेगाने वाढते की घाबरून कुणीतरी सुचवते, "चार मेंढ्या सोडा, गवताचा प्रश्न मिटेल." प्रश्न मिटतो, हे खरे आहे; परंतु मेंढी हे गवत कापण्याचे यंत्र नसून रोज पाहावे लागणारे जनावर आहे, ही गोष्ट सुचवणारा सांगत नाही. आपल्याकडे धनगर कळपासोबत चालतो, रात्री वाड्याशेजारीच झोपतो, आणि कोणती मेंढी लंगडते ते त्याला चालता चालता कळते. इथे मेंढ्या कुंपणात राखणदाराविना असतात, म्हणून ती नजर आपल्यालाच मुद्दाम न्यावी लागते : सकाळी एकदा, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पुन्हा एकदा.

किती घ्याव्यात आणि कोणत्या, याचे उत्तर सोपे आहे. घर, रस्ता आणि झाडे वगळून जी कुरणाची जमीन उरते, तिच्यात एकरी तीन ते चार यापेक्षा अधिक मेंढ्या पहिल्या वर्षी नकोत, कारण वसंतातले गवत पाहून केलेला हिशेब फेब्रुवारीच्या कोरड्यात आणि जुलैच्या थंडीत टिकत नाही. एकटी मेंढी कधीही ठेवू नये. ती भेदरते, खात नाही, कुंपण फोडते. केवळ चराईसाठी हव्या असतील तर खच्ची केलेले नर घ्यावेत, आणि शक्यतो विल्टशायर जातीचे, कारण त्यांची लोकर बहुतांशी आपोआप गळते. रॉम्नीसारख्या जातीची लोकर वर्षातून एकदा तरी कातरावीच लागते, आणि चार मेंढ्यांसाठी कातरणारा माणूस मिळवणे कठीण असते; मिळाला तरी लोकरीच्या किमतीपेक्षा त्याची मजुरी जास्त होते. मेंढा पाळण्याच्या फंदात पडू नये. विशेषतः बाटलीने दूध पाजून घरात वाढवलेले नर कोकरू मोठे झाल्यावर माणसाला भीत नाही, आणि धडक देते. लहान मुले असलेल्या घरांना हे मी प्रत्येक वेळी सांगतो.

आता ज्या एका चुकीची किंमत आपल्या लोकांनी सर्वांत जास्त मोजली आहे, तिच्याविषयी. उरलेले अन्न मेंढ्यांना घालू नका. पोळी नको, भात नको, पाव नको, पोतेभर मका किंवा गहू तर मुळीच नको. गोग्रास काढण्याच्या संस्कारातून आलेली माणसे हे प्रेमाने करतात, म्हणूनच त्यांना अडवणे अवघड जाते. मेंढीच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव गवत पचवण्यासाठी बसलेले असतात. त्यांच्यावर अचानक पिष्टमय अन्नाचा मारा झाला की ते झपाट्याने आंबते, लॅक्टिक आम्ल साठते, तेच आम्ल रक्तात उतरते, आणि धडधाकट जनावर एक-दोन दिवसांत मरू शकते. गणपतीच्या जेवणावळीनंतर एका घरी उरलेला भात आणि पोळ्या घमेल्यात ओतलेल्या मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या दिवशी कळपातली सर्वांत धीट मेंढी, म्हणजे जिने इतरांना ढकलून अधिक खाल्ले होते ती, कुंपणाला टेकून मान खाली घालून उभी होती. पोट डाव्या बाजूला तटतटलेले, दात करकरा वाजत होते, आणि मागे पातळ, आंबूस वासाच्या शेणात भाताची शिते जशीच्या तशी दिसत होती. व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, आला, तरी ती वाचली नाही. मुलांना हाताने काही भरवायचेच असेल, तर मूठभर ल्युसर्नचे, म्हणजे लसूणघासाचे, वाळके गवत द्यावे. पाहुण्यांनाही हा नियम फाटकाशीच सांगावा, कारण आपले पाहुणे रिकाम्या हाताने येत नाहीत.

याच्याच जोडीची दुसरी सूचना बागेच्या कातरणीची. कण्हेर, ऱ्होडोडेंड्रॉन आणि यू या झाडाझुडपांच्या फांद्या छाटून कुंपणापलीकडे टाकल्या, तर त्या खाऊन मेंढ्या मरतात. गायींसाठी विकला जाणारा खनिज चाटणविटांचा ठोकळाही मेंढ्यांपुढे ठेवू नये, कारण त्यातले तांबे त्यांच्या यकृतात साठते आणि घातक ठरते.

वायकाटोत राहणाऱ्याने समजून घ्यावा असा खास आजार म्हणजे फेशियल एक्झिमा. नावावरून तो त्वचेचा वाटतो, परंतु मूळ दुखणे यकृताचे असते. जानेवारी ते मे या काळात रात्री उबदार आणि हवा दमट राहिली, की गवताच्या बुडाशी साठलेल्या मेलेल्या पात्यांवर एक बुरशी वाढते. तिच्या बीजाणूंतले विष यकृत बिघडवते, आणि मग सूर्यप्रकाश सोसेनासा होऊन कान व पापण्या सुजतात, कान जड होऊन लोंबतात, मेंढी डोके हलवत सावली शोधत फिरते. ज्या मेंढ्यांवर ही लक्षणे दिसत नाहीत, त्यांतल्याही अनेकींचे यकृत आतून खराब झालेले असते. म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. व्हेटच्या दवाखान्यांतून या मोसमात बीजाणूंची गणना कळते; आकडा चढू लागण्यापूर्वीच जस्त सुरू करावे लागते, आणि चार मेंढ्यांसाठी सर्वांत सोयीची म्हणजे घशाखाली उतरवायची जस्ताची मोठी गोळी, जी काही आठवडे पुरते. मात्र जस्ताचाही अतिरेक विषारी असल्याने मात्रा वजनावरच ठरवावी. ते-आरोहा गावाच्या भागातल्या ग्लॅडिस रीड या शेतकरी बाईंनी 1970 च्या दशकात जस्ताचा हा उपाय लावून धरला, आणि तज्ज्ञांनी तो मान्य करायला बराच काळ घेतला. आज या प्रदेशातला प्रत्येक मेंढीवाला त्यांच्या ऋणात आहे. नवख्या मंडळींची एक सवय इथे उलटी पडते : उन्हाळ्यात गवत नीटनेटके दिसावे म्हणून ते मशिनने कापून तिथेच पसरू देतात, आणि बुरशीला हवा तो कुजका थर स्वतःच तयार करतात. या महिन्यांत मेंढ्यांना गवत मुळापर्यंत खरडायलाही लावू नये.

उन्हाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे माशी. शेपटीखालच्या मळलेल्या लोकरीत ती अंडी घालते, आणि थोड्याच दिवसांत अळ्या जिवंत मांस खाऊ लागतात. मेंढी पाय आपटते, शेपटी सारखी झटकते, वळून पाठीकडे पाहते, कळपापासून मागे राहते. जवळ गेल्यावर लोकरीचा एक पट्टा ओला आणि काळपट दिसतो. तो भाग कातरून अळ्या काढाव्यात आणि औषध लावावे, त्याच दिवशी. मागची लोकर डिसेंबरपूर्वीच साफ करून घेतली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

जंतांचे औषध अंदाजाने पाजू नये. कमी मात्रेमुळे औषधाला न जुमानणारे जंत वाढतात, आणि या देशात तो प्रश्न आधीच मोठा आहे. खालची पापणी ओढून पाहावी : आतली त्वचा गुलाबीऐवजी पांढरट दिसली, तर रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता आहे, आणि व्हेटकडे लेंड्या तपासून घ्याव्यात. आंत्रविषार आणि धनुर्वात यांची एकत्रित लस वर्षातून एकदा. पहिल्या वर्षी दोनदा. मेंढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर किंवा कत्तलखान्यात पाठवताना जनावरांच्या स्थितीचे घोषणापत्र भरावे लागते.

स्वतःची मेंढी कापून घरच्यांनी खाण्याची मुभा कायद्यात आहे, पण ते मांस विकता येत नाही, आणि कशाच्या बदल्यातही देता येत नाही. गटारीला माणशी वर्गणी घेऊन तेच मटण वाढण्याची कल्पना दरवर्षी कुणीतरी मांडते, आणि ती स्पष्ट शब्दांत नाकारली पाहिजे.

शेवटचा विषय भारतवारीचा. आपण डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा आठवडे गावी जातो, आणि नेमका तोच माशीचा आणि पुढे बुरशीचा काळ असतो. शेजाऱ्याला "जरा लक्ष ठेवा" एवढे सांगून निघणे पुरेसे नाही. इथले शेजारी मागितलेली मदत मोकळेपणाने करतात, परंतु न विचारता सल्ला देणे त्यांना अप्रशस्त वाटते, त्यामुळे विचारण्याचा संकोच आपणच सोडला पाहिजे. आपल्या मराठी ग्रुपवर औषधाचे नाव विचारण्यापेक्षा कुंपणापलीकडच्या, चाळीस वर्षे मेंढ्या पाळलेल्या माणसाला हाक मारावी. जाण्यापूर्वी त्याला सोबत घेऊन एक फेरी मारावी, मेंढ्या मोजून दाखवाव्यात, पाण्याच्या हौदाचा फ्लोट अडकतो का ते तपासावे, पाठीवर उलटी पडलेली मेंढी आपण होऊन उठू शकत नसल्याने तिला लगेच पायांवर उभे करावे लागते, हे ठरवून घ्यावे. व्हेटचा क्रमांक आणि उपचाराच्या खर्चाला आपली संमती लिहून द्यावी, म्हणजे आपला फोन लागला नाही तरी उपचार थांबणार नाही. घर सांभाळायला एखादे मराठी कुटुंब येणार असेल, तर पोळी-भाताची सूचना त्यांनाही लिहूनच द्यावी, आणि तो कागद फ्रीजच्या दारावर लावावा.